मामा सरळ चालायला लागला की

“असा पडतो काय रं कोण! ऊठ! आधी ऊठ तू! प्यालेल्या माणसाची बदनामी करतोस?”

ओरडणारा माझा मामा होता. हॉलच्या दारात चहाची किटली घेऊन उभा होता. पडलेला मी होतो. कॉलेजच्या व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात दारुड्याचं काम माझ्या वाट्याला आलं होतं आणि मी ते जीव ओतून करत होतो. म्हणजे पाय फाकवून, जीभ बाहेर काढून, दर दोन पावलांना एकदा या हिशेबानं सकाळपासून एकोणचाळीस वेळा पडलो होतो. चाळिसाव्या वेळी मामाचा संयम सुटला. त्याचा आवाज म्हणाल तर असा, की तो समोरच्या सोंडाई किल्ल्यावर आदळून परत आला तोवर आमची तालीम संपून हॉल झाडून झाला होता, आणि झाडणाऱ्या बाई दचकून म्हणाल्या, “आता कोण पडलं आणखी?”

मामा कॉलेजात शिपाई. आमचं कॉलेज कर्जत आणि खालापूरच्या मधल्या माळावर. पावसाळ्यात भाताची खाचरं पार गेटपर्यंत येतात आणि बेडकांची हजेरी पोरांपेक्षा जास्त भरते, असं ते कॉलेज. शिपायाला मामा म्हणायचीच रीत, म्हणून सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. माझा तो खराखुरा, आईचा सख्खा भाऊ. आमचं घर पोशीरला. तिथून रोज ये-जा जमेना म्हणून मी मामाकडेच राहून शिकत होतो. त्याच्या ताटातलं तेच माझ्या ताटात. त्यामुळे त्याच्या नोकरीची काळजी मला त्याच्याहून जास्त होती, हे मी मोठ्या मनानं कबूल करतो.

आणि काळजी करण्यासारखं होतंच. मामा प्यायचा. रोज दुपारी जेवायच्या सुट्टीत गेटाबाहेर जायचा आणि तोंडात ओवा टाकून परत यायचा. पण यात एक मोठी गंमत होती, ती आमच्या घरच्या तिघांनाच ठाऊक. वीस वर्षांपूर्वी मामा भाताच्या भाऱ्यांच्या उंच उडवीवरून खाली आला होता, शिडीची वाट न बघता. तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा कामातून गेला. शुद्धीत असला की मामा डुलायचा. एक पाऊल इकडे, एक तिकडे, हातातल्या कपबशा कीर्तनातल्या टाळांसारख्या वाजायच्या. पण दोन घोट पोटात गेले की गुडघा दुखायचा बंद व्हायचा आणि मामा ताठ चालायला लागायचा. इतका ताठ, की पुढं-मागं दोन पोरं उभी केली असती तर कवायत सुरू झाली असती. सकाळचे तास तो कसेही द्यायचा. एकदा पहिल्या तासाची घंटा त्यानं इतकी लांबवली, की मोहोपाड्याच्या एका कारखान्यात भोंगा झाला समजून पहिली पाळी डबे घेऊन घरी गेली. दुपारचे तास मात्र सेकंदाला सेकंद.

म्हणून मामी रोज संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या एकच विचारायची, “गुडघा काय म्हणतो?”

“झकास हाय,” मामा म्हणाला, की मामी भाकरी अशी थापायची की परात कळवळायची.

आता ही गंमत प्राचार्यांना कोण सांगणार? प्राचार्य घाटावरचे. मागच्या वर्षीच आले होते. माणूस सज्जन, पण आमचा पावसाळा त्यांना सोसला नाही. त्यांचं नाक जूनमध्ये बंद झालं की दिवाळीला उघडायचं. त्यामुळे वास हा विषयच संपला. ते केबिनच्या काचेतून फक्त बघायचे, आणि बघून जे कळायचं ते बरोबर उलटं. सकाळी मामा डुलत आला की कपाळाला आठ्या. दुपारी ताठ दिसला की मान डोलवायचे, “आता उतरली वाटतं.”

मामाला त्यांनी पहिली लेखी ताकीद दिली ती कधी, तर श्रावणात! आता आमच्याकडे श्रावण पाळतात. अट्टल पिणारा असला तरी गटारीला जे काय व्हायचं ते होतं, आणि मग गणपती पोचवेपर्यंत बाटलीला शिवत नाहीत. देवाला भितात की बायकोला, ते मला विचारू नका. मामाही दर वर्षी पाळायचा. तर वर्षातला तो एकच स्वच्छ महिना, गुडघा रात्रंदिवस ठणकतोय, बिचारा डुलत डुलत चहा नेतोय, आणि त्याच्या हातात कागद: ‘कर्तव्यावर असताना मद्यपान केल्याचे पुन्हा आढळल्यास आपणांस सेवेतून कमी करण्यात येईल.’ निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामानं तो कागद मला वाचायला लावला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “वर्षभर कोण काय बोललं नाय. सोडली तवा पकडला.”

त्याच्या पुढच्या श्रावणात हे नाटक आलं.

आमच्या मराठीच्या मॅडम व्यसनमुक्ती समितीच्या प्रमुख. कॉलेजात त्याची गरज होती, हे मी थट्टा बाजूला ठेवून सांगतो. आमच्या तालुक्यात आता खाचरांपेक्षा फार्महाऊस जास्त. वर्गातली निम्मी पोरं शनिवार-रविवार तिथं वाढपी म्हणून जायची. रिकामे ग्लास उचलायचे, पैसे मिळायचे. काही जण रिकामे उचलता उचलता अर्धे भरलेलेही उचलायला लागले होते आणि सोमवारी कँटीनमागच्या करंजाखाली डोकं धरून बसायचे. मॅडमना हे माहीत होतं. संस्थेनं व्यसनमुक्त कॉलेजांची स्पर्धा लावली, गणपतीनंतर तीन परीक्षक बघायला येणार असं कळलं, तेव्हा त्यांनी भाषणाऐवजी पथनाट्य ठरवलं. भाषणाला पोरं झोपतात, हे त्यांना स्वतःच्या तासावरून माहीत होतं.

तर मी चाळिसाव्यांदा पडलेला, आणि मामा ओरडलेला.

मॅडम म्हणाल्या, “मग कसं चालायचं, मामा? दाखवा ना.”

मामानं किटली खाली ठेवली. “पडतो तो नवशिका. जुना माणूस पडायला भितो. आपण प्यालोय ते कुणाला कळू नये, येवढंच त्याच्या डोक्यात. म्हणून तो सरळ चालतो. तुमच्या-आमच्यापेक्षा सरळ.”

आणि तो चालला. दुखऱ्या गुडघ्यावर, दात आवळून, अगदी रेषेत. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. हवेतलं एक फाटक उघडलं, आत आला, कडी लावली. दोन पावलं पुढं गेला, थांबला, परत येऊन कडी बघितली. पुन्हा दोन पावलं, पुन्हा कडी. तीनदा. चपला काढून एकीला एक लावून अशा ठेवल्या, जशा दुकानातही नसतात. मग खाली वाकला आणि तिथं नसलेल्या एका पोराला अतिशय प्रेमानं म्हणाला, “अभ्यास झाला काय, बाळा?” थोडं थांबून, “अभ्यास झाला काय?” आणि पुन्हा, “बाळा, अभ्यास?”

पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “आमचे बाबा असंच विचारतात. तीनदा.”

कोणी हसलं नाही. सरणावरही विनोद करीन असा माझा लौकिक आहे, पण मलाही त्या वेळी काही सुचलं नाही.

मॅडमनी नाक पुसलं. “मामा, हे काम तुम्हीच करायचं.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू विजेचा खांब हो.”

अशा तऱ्हेनं नायकाचा मी खांब झालो. अंगाला चंदेरी कागद, डोक्यावर उलटा टोप, दोन्ही हात बाजूला ताणलेले. दारुडा येऊन खांबाला ‘रामराम पाव्हणं’ करतो, एवढंच माझं काम. पण मी ते असं केलं, की तिसऱ्या तालमीला दोन चिमण्या माझ्या हातावर बसल्या आणि एक मुलगा येऊन विचारून गेला, “वीज कधी येणार?”

श्रावण तर मामानं पाळलाच. दर वर्षी पहिले काही दिवस त्याचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, आणि तो ते तसंच दातावर दात ठेवून काढायचा. या वर्षी ती थरथर तालमीत मॅडमना दिसली आणि त्यांनी त्याला आणि मामीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला यायला सांगितलं, गुडघ्याला व्यायाम सांगितला, आणि “हे असं एकट्यानं अंगावर काढू नका” म्हणून चांगलं झापलं. मामा व्यायाम करायचा तेव्हा गुडघ्यातून असा आवाज यायचा की शेजारच्यांचं कुत्रं उठून उत्तर द्यायचं.

खरी परीक्षा गणपती पोचवल्यावर. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाची जुनी टोळी ओट्यासमोर येऊन उभी राहिली. महिनाभराचा उपास तोंडावर दिसत होता.

“चल रं, सुटला श्रावण!”

“नाय,” मामा म्हणाला. “नाटक हाय.”

“नाटक कवा?”

“आठ दिवसांनी.”

“मग आठ दिवस काय करनार?”

“चालायचा सराव.”

त्यातला एक जण डोक्याला हात लावून म्हणाला, “अरे, तोच सराव करायला तर चाललोय आमी!”

मामा उठला नाही. आतून मामीनं विचारलं, “गुडघा काय म्हणतो?”

“मरणाचा ठणकतोय गं.”

“बरं झालं,” मामी म्हणाली आणि त्या दिवशी भाकरी मऊ झाली.

परीक्षक आले. तीन जण, तिघांच्या गळ्यात तीन हार. पाहुणे म्हणून मॅडमनी एका हवालदारांना बोलावलं होतं. हे खालापूरकडे मोठ्या रस्त्यावर गाड्या अडवून लोकांना यंत्रात फुंकायला लावायचे. ते यंत्रही त्यांनी पोरांना दाखवायला आणलं होतं. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली आणि पटांगणात नाटक सुरू झालं.

मी खांब असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. मामा आला. सरळ, देखणा, नम्र. माझ्यासमोर थांबून दोन्ही हात जोडून म्हणाला, “रामराम पाव्हणं. घरी सगळी बरी?” पटांगण हसून असं कोसळलं की भिंतीवरून बघणारे चार गडी पलीकडच्या खाचरात पडले आणि तिथली लावणी पुन्हा करावी लागली. मग कडी, कडी, कडी. मग चपला. मग, “अभ्यास झाला काय, बाळा?” आणि हसणारं पटांगण एकेका ओळीनं विझत गेलं. करंजाखाली बसणाऱ्यांपैकी एक जण मागं उभा होता, तो खाली बघत राहिला. मग टाळ्या वाजल्या.

इथंच संपलं असतं तर मामा राजा झाला असता. पण मामा शिपाई होता. नाटक संपलं तसा तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन आला आणि त्यानं चहाचा ट्रे उचलला. अर्धा तास सरळ चालून गुडघ्याचं पार लाकूड झालेलं. डोळे लाल, कपाळावर घाम. एक पाऊल इकडे, एक तिकडे. कपबशा वाजायला लागल्या, ट्रे कलला, आणि तीन कप मोठ्या परीक्षकांच्या मांडीवर गेले. चौथा हारात.

“हे गृहस्थ,” परीक्षक उभे राहत म्हणाले, “अजून भूमिकेतच आहेत का?”

प्राचार्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कोकमासारखा. “भूमिका कसली! नाटकात कसा सरळ चालत होता! आता बघा! नाटक संपल्या संपल्या जाऊन पिऊन आला! व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात! उद्यापासून येऊ नका तुम्ही!”

मामा ट्रे छातीशी धरून उभा राहिला. मला त्याच्या खिशातला तो ताकिदीचा कागद दिसत होता, घडीवर पार मळलेला.

मला राहवेना. “सर, मामा प्यालेला नाही! गुडघा दुखतो म्हणून डुलतो! तो प्याला की सरळ चालतो!”

“खांबानं मध्ये बोलू नये!” प्राचार्य ओरडले.

तेव्हा हवालदार उठले. “वाद कशाला? यंत्र आहे ना.”

“फुंकतो की,” मामा म्हणाला.

“थांबा,” प्राचार्य म्हणाले. “यंत्र बिघडलंय, अशी पळवाट नंतर नको. आधी मी फुंकतो. सगळ्यांना दिसू दे, शुद्ध माणसाचा आकडा कसा शून्य येतो.” त्यांनी छाती भरून घेतली. इतका वारा घेतला की माझा चंदेरी कागद त्यांच्याकडे उडाला. आणि फुंकले.

यंत्र ओरडलं. नुसतं ओरडलं नाही, रिव्हर्स घेणाऱ्या टेंपोसारखं ओरडत राहिलं. आकडा हवालदारांनी बघितला, पुन्हा बघितला, यंत्र झटकून बघितलं. मग घसा साफ करून अदबीनं विचारलं, “सर, गाडी कोण चालवणार आहे?”

पटांगणात सातशे पोरं, आणि कोणी श्वास घेईना. तिकडे बेडूकसुद्धा थांबले. आयुष्यात ज्यांनी सुपारी खाल्ली नाही त्या प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या परीक्षकांनी खिशातून पेन काढलं.

आता मामानं काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. गप्प राहायचं! मी तर मनातल्या मनात पेढे वाटत होतो. पण मामानं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाला, “हवालदारसाहेब, सर प्यालेले नायत. सर्दीनं सरांच्या अंगात ताकद राहत नाय, म्हणून जेवल्यावर द्राक्षासव घेतात. कपाटात बाटली हाय. मीच देतो रोज, दोन झाकणं. आता जेवल्यावर दिलं, आणि नाटक संपल्यावर अजून येक मागितलं त्यांनी, ते चहाच्या आधी दिलं.”

हवालदार हसले. “आसवात अल्कोहोल असतंच थोडं. तोंडात राहिलं की यंत्राला काय कळणार? सर, चूळ भरा. पंधरा-वीस मिनिटं बसा. मग पुन्हा फुंका.”

तोवर मामाची पाळी. मामा फुंकला. शून्य. प्राचार्य खुर्चीतून क्षीण आवाजात म्हणाले, “पुन्हा एकदा.” शून्य. मोठे परीक्षक, ज्यांची मांडी अजून ओली होती, म्हणाले, “एकदा माझ्यासमोर.” शून्य. मामा इतका फुंकला की माझा टोप उडून कँटीनच्या पत्र्यावर गेला. सातशे पोरं अशी ओरडली, की मोहोपाड्याच्या त्या कारखान्यात दुसरी पाळीसुद्धा डबे घेऊन घरी गेली असावी.

वीस मिनिटांनी प्राचार्य फुंकले. शून्य. मग ते उठले, मामासमोर गेले, आणि त्यांनी त्याच्या पायाकडे बघितलं. “गुडघा?” एवढंच म्हणाले.

“उडवीवरून पडलो होतो, सर.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं नाय.”

मॅडमनी तिथल्या तिथं तो मळका कागद मामाच्या खिशातून काढून घेतला आणि प्राचार्यांपुढं पेन धरलं. प्राचार्यांनी त्यावर ‘रद्द’ लिहिलं, सही केली, खाली तारीखही टाकली. नोकरी वाचली. माझं ताटही वाचलं.

मी सायकल कॉलेजातच विसरून, चंदेरी कागदासकट घरी पळत सुटलो. मामीला सगळं सांगितलं, परीक्षकांची मांडी तर दोनदा सांगितली. मामी हसली, मग हसायची थांबली. “आणि मामा कुठाय?”

साडेपाच झाले. सहा झाले. मामा पाचला येतो. आता माझ्या डोक्यात उजाडलं: नाटक झालं. ‘नाटक हाय’ हे कारण संपलं. नोकरी वाचली, म्हणजे आनंदही झालेला, आणि त्याच्या येण्याच्या वाटेवर ती जुनी टोळी बसलेली. मामी ओट्यावर येऊन उभी राहिली. चुलीवर तवा तापून धुरायला लागला, पण ती आत जाईना.

सव्वासहाला मामा वळणावर दिसला. सरळ चालत होता.

एकदम सरळ. मामीनं पदर तोंडाला लावला. जवळ आला तसं दिसलं, की त्याच्या एका बाजूला माझी सायकल होती. तिच्यावर टेकून येत होता, म्हणून सरळ का, की सरळ होता म्हणून सायकल नीट येत होती, ते काही कळेना. त्यानं सायकल भिंतीला लावली. फाटक उघडलं, आत आला, कडी लावली. मी श्वास रोखून मोजत होतो. एक.

पुढं आला. मागं वळला नाही. चपला काढल्या, एक इकडे पडली, एक पायरीखाली. ओट्यावर बसला, पाय लांब केला.

मामीनं विचारलं, “गुडघा काय म्हणतो?”

“दुखतोय,” मामा म्हणाला.